होम थिएटरचे स्पीकर घेण्याआधी खोली मोजा

आमच्या मामीच्या हातात रिमोट असला की सिनेमा बघणं हा एक व्यायामच होतो. पात्रं बोलायला लागली की ती आवाज चाळीसवर नेते, मारामारी सुरू झाली की घाईघाईने अठरावर आणते. पुन्हा संवाद, पुन्हा चाळीस. "हल्लीची ही माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात" असं तिचं ठाम मत. त्यात थोडं तथ्य असेलही, पण खरा दोष टीव्हीच्या पाठीवर चिकटवलेल्या दोन बारक्या स्पीकरचा होता. त्यांची तोंडं भिंतीकडे आणि जमिनीकडे. चपटा टीव्ही सुंदर दिसावा म्हणून आवाजाचा बळी गेलेला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधली एक बेडरूम रिकामी झाली आणि मामेभावाने तिथे होम थिएटर करायचं मनावर घेतलं. त्याचा पहिला फोन असा: "दादा, ५.१ घेऊ की ७.१? दुकानदार म्हणतो, आता घेताय तर अ‍ॅटमॉसच घ्या." मी म्हटलं, "खोली किती बाय किती आहे?" तर म्हणाला, "ते कशाला?"

सगळी गोम तिथेच आहे. स्पीकर कितीही भारी आणला तरी तो जे वाजवतो त्यातलं बरंचसं आपल्या कानापर्यंत भिंती, फरशी आणि छत यांना आपटून येतं. त्यामुळे खोलीकडे न बघता स्पीकर घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

आधी ते आकडे उलगडून टाकू, कारण दुकानात सगळ्यात जास्त घाबरवतात तेच. ५.१ मधले पाच म्हणजे कानाच्या उंचीवरचे स्पीकर: समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बाजूला किंवा किंचित मागे दोन. हे दोन म्हणजे सराउंड. पॉइंट एक म्हणजे सबवूफर, खर्जाचा डबा. त्याला पूर्ण एक न म्हणता पॉइंट एक म्हणतात, कारण सिनेमात त्याच्यासाठी जो वेगळा चॅनल असतो त्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज असतो, आणि माणसाचा कान तर २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ७.१ मध्ये अगदी पाठीमागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ असं लिहिलं असेल तर शेवटचे दोन डोक्यावरचे. हा तिसरा आकडा डॉल्बी अ‍ॅटमॉसमुळे आला. डोक्यावरूनही आवाज आणणारं हे तंत्र २०१२ मध्ये थिएटरांत आलं आणि त्यानंतर दोनेक वर्षांत घरात पोचलं.

आकडा वाढला म्हणजे दर्जा वाढला असं नाही. एकाच पैशात पाचऐवजी नऊ स्पीकर येत असतील तर प्रत्येक स्पीकर तेवढाच हलका झाला, इतका साधा हा हिशेब आहे.

आता खोली. भावाची खोली निघाली १४ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. अमेरिकेतल्या व्हिडिओंत दिसणाऱ्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर बोर्ड ठोकून केलेल्या असतात. खर्जाचा थोडा भाग त्यांतून आरपार निघून जातो, थोडा त्या थरथरून गिळतात. आपली वीट आणि काँक्रीट असं काही करत नाहीत. आत आलेला खर्ज ती परत आतच ढकलतात. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून आणलेला बारा इंची सबवूफर आपल्याकडे येऊन ढोलासारखा घुमतो, आणि लोक सबवूफरला शिव्या देतात.

हे घुमणं कुठल्या सुरावर होणार ते कागदावर काढता येतं. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट धावतो. खोलीच्या लांबीची दुप्पट करा आणि ११२५ ला तिने भागा. १४ फुटांची दुप्पट २८. उत्तर साधारण ४०. म्हणजे ४० हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा भाग या खोलीच्या लांबीत बसतो. ती लाट समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर, तिथून परत, अशी स्वतःवरच रचली जाते आणि उभी राहते. रुंदीचं उत्तर येतं ५६, उंचीचं ५९. हे दोन आकडे शेजारी शेजारी आले ही या खोलीची अडचण. दोघांचा दणका एकाच पट्ट्यात जमतो. चौरस खोली असेल तर याहून वाईट, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर घुमतात. खोली निवडायची मोकळीक असेल तर चौरस सोडून दुसरी घ्या.

या उभ्या लाटेची गंमत अशी की ती भिंतीजवळ सगळ्यात जोरात ऐकू येते आणि खोलीच्या बरोबर मध्यात जवळजवळ नाहीशी होते. आपल्याकडे सोफा हमखास मागच्या भिंतीला टेकवतात. तिथे बसलेल्याला खर्ज फुगलेला ऐकू येतो. भाऊ म्हणाला, मग मध्यात बसू. मध्यात, म्हणजे सात फुटांवर, ४० हर्ट्झ गायब. मग आम्ही कान टीव्हीच्या भिंतीपासून नऊ फुटांवर येतील असा सोफा ठेवला, म्हणजे लांबीच्या साधारण दोन-तृतीयांशावर. मागे पाच फूट मोकळे राहिले. मामी म्हणाली, "एवढी जागा वाया?" पण या पाच फुटांनी जे काम केलं ते पन्नास हजारांच्या स्पीकरनेही झालं नसतं.

वरच्या पट्टीतल्या आवाजाचा त्रास वेगळा. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून बघा. 'टर्र्र' असा पत्र्यासारखा प्रतिध्वनी आला तर त्या खोलीत संवाद कधीच नीट कळणार नाहीत. शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडत राहील. उपाय आपल्या घरातच असतात. सोफ्यासमोर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड कापडाचे चुण्यांचे पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जुनी युक्ती सोडून द्या. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही, आग मात्र लगेच पकडतो. पातळ फोमचे तुकडे मिळतात तेही फक्त अगदी वरचा आवाज खातात आणि खर्जाला हातही लावत नाहीत. खोली मेल्यासारखी होते, घुमणं तसंच राहतं.

एवढं झाल्यावर आम्ही स्पीकरच्या दुकानाकडे वळलो. पहिला घेतला तो मधला.

सिनेमातले बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. हा एक स्पीकर तीन तासांत जेवढं काम करतो तेवढं सराउंडची जोडी मिळून करत नाही. तरी लोक त्याला टीव्हीखालच्या उरलेल्या फटीत मावेल असा, सगळ्यात छोटा घेतात. 'मग दोन स्पीकरवरही आवाज मधून आल्यासारखा वाटतोच की,' असं कुणी म्हणेल. वाटतो, पण फक्त बरोबर मध्यावर बसलेल्याला. दोन्हीकडून आवाज एकाच वेळी पोचला की मेंदू तो मधोमध आहे असं धरतो. एक-दोन फूट डावीकडे सरका, डावीकडचा आवाज आधी पोचतो, आणि मेंदू जो आधी आला त्याची दिशा खरी मानतो. मग पडद्याच्या मध्यावर उभा असलेला माणूस डाव्या भिंतीतून बोलायला लागतो. एकट्याने बघणाऱ्याला दोन स्पीकर पुरतात. तीन-चार जण सोफ्यावर बसणाऱ्या घराला मधला हवाच.

मधला स्पीकर आडवा असतो तेव्हा एक गोष्ट बघून घ्या. बहुतेक मॉडेलमध्ये दोन टोकांना दोन वूफर (जाड आवाज काढणारे पडदे) आणि मध्ये बारीक ट्विटर (वरच्या पट्टीचा) असतो. दिसायला देखणं, पण तुम्ही बाजूला बसलात की दोन वूफरपासूनचं अंतर वेगवेगळं होतं, त्यांच्या लाटा एकमेकींना काही पट्ट्यांत खोडतात, आणि नेमका आवाजातला मधला भाग पोकळ होतो. ज्या स्पीकरमध्ये ट्विटरच्या खाली किंवा वर एक वेगळा मधल्या पट्टीचा पडदा असतो, त्यात हा त्रास बराच कमी. तो महाग असतो. परवडत नसेल तर समोरच्या तिन्ही ठिकाणी एकसारखे उभे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे, स्पीकर घ्या; दुकानदार नाक मुरडेल, कारण ते जोडीने विकले जातात आणि एक उरतो. पण आवाजाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली मांडणी नाही.

समोरचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले हवेत, यात तडजोड नको. मोटार डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिच्या इंजिनाचा पोत बदलला तर कान लगेच ओळखतो. सराउंड दुसऱ्या कंपनीचे असले तर चालून जातं.

भावाला समोर उंच, जमिनीवर उभे राहणारे टॉवर हवे होते. भारदस्त दिसतात, खरं आहे. पण वेगळा सबवूफर असताना सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा सगळा आवाज त्याच्याकडेच पाठवायचा असतो. मग टॉवरच्या पोटातला जास्तीचा खर्ज वापरला कुठे जातो? दहा बाय चौदाच्या खोलीत पाच ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आणि एक चांगला सबवूफर हेच योग्य. मोठा हॉल स्वयंपाकघरापर्यंत उघडा असेल, किंवा तुम्ही सबवूफर न लावता गाणीच जास्त ऐकत असाल, तर टॉवरचा विचार करा.

समोरच्या डाव्या-उजव्याची जागा ठरवायला मोजपट्टी आणि सुतळी पुरते. तुम्ही बसता तिथून समोर सरळ रेषा ओढली तर डावा आणि उजवा तिच्यापासून २२ ते ३० अंशांवर यावेत. आमच्याकडे ३० अंश धरले तर स्पीकर पार कोपऱ्यात जात होते, आणि कोपरा म्हणजे खर्जाचा भोंगा. म्हणून दोघांत सात फूट अंतर ठेवलं, तो कोन आला साधारण २४. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर. स्पीकरच्या मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर भिंतीपासून निदान अर्धा-पाऊण फूट पुढे ठेवा. (मागच्या भोकाला स्पंजचं बूच मिळतं तेही जपून ठेवा. आवाजासाठी म्हणतात, पण आपल्याकडे ते पालीसाठीही लागतं.)

आता ज्यांच्यामुळे या सगळ्याला सराउंड म्हणतात ते दोघे. यांच्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ते पाठीमागच्या भिंतीवर, छताला लागून, खाली वाकवून लावायचे असतात. मंगल कार्यालयातल्या भोंग्यांसारखे. ५.१ मध्ये त्यांची जागा ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेत बाजूला आणि थोडंसं मागे. पाऊस, बाजारातला गलका, मैदानातला जमाव हे आपल्याला दोन्ही बाजूंनी वेढतात. आणि मानवी कान बाजूंचा फरक ओळखण्यात जेवढा तरबेज आहे तेवढा बरोब्बर पाठीमागचा ओळखण्यात नाही. म्हणून पाचच स्पीकर असतील तर बाजू आधी.

भावाच्या खोलीत उजव्या भिंतीत नेमकं तिथेच दार. त्याने डावा बरोबर जागेवर आणि उजवा दारामागे, असं सुचवलं. मी म्हटलं, दोन्ही सारखेच मागे ने. कानापासून तीन फूट मागे गेले, १२० अंश झाले, अजून मर्यादेत होते. डावा-उजवा सारखे असणं हे अंशा-दोन अंशाच्या अचूकपणापेक्षा महत्त्वाचं. उंची कानापेक्षा दीड-दोन फूट वर ठेवली, कारण खोली अरुंद. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या कानापासून भिंत अडीच फुटांवर होती. तेवढ्या जवळून स्पीकर थेट कानात वाजला तर त्या माणसाला सिनेमाभर फक्त पाऊसच ऐकू येणार.

अशा अरुंद खोल्यांसाठी दोन दिशांना आवाज फेकणारे सराउंड मिळतात, त्यांना बायपोल म्हणतात. जवळ बसणाऱ्याला ते टोचत नाहीत. पण पुढे कधी अ‍ॅटमॉस करायचं असेल तर साधे, सरळ फेकणारेच घ्या. त्यात प्रत्येक आवाजाला ठरावीक जागा असते आणि पसरट स्पीकर ती जागा पुसट करतो. ७.१ चं म्हणाल, तर सोफ्यामागे चार-पाच फूट खरोखर मोकळे असतील तरच विचार करा. मागची भिंत डोक्याला टेकत असताना लावलेले पाठचे स्पीकर हे हेडफोनसारखे वाजतात. आमच्याकडे जागा होती, तरी ते पैसे मी सबवूफरकडे वळवायला लावले.

सबवूफरची जागा शोधायची एक पद्धत आहे, ती करताना माणूस जरा येडा दिसतो पण दुसरी इतकी स्वस्त पद्धत नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवायचा. खर्जाची चांगली चाल असलेलं गाणं लावायचं. मग आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. काही ठिकाणी दणका फुगेल, काही ठिकाणी नाहीसा होईल, एखाद्या जागी प्रत्येक सूर सुटा आणि सारख्या वजनाचा ऐकू येईल. सबवूफर तिथे ठेवा. आवाजाचा रस्ता दोन्ही दिशांनी सारखाच असतो म्हणून हे जमतं. भाऊ रांगत असताना मामी दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली.

सबवूफर दोन जातींचे. बंद डब्याचा आणि भोक असलेला. भोकवाला तेवढ्याच ताकदीत खालच्या पट्टीत जास्त जोर देतो, बंद डबा आकाराने लहान आणि आटोपशीर असतो. विटांच्या छोट्या खोलीत, जिथे भिंती स्वतःच खर्ज वाढवतात, तिथे मी दहा इंची बंद डब्याला झुकतं माप देतो. हे माझं मत. धरणीकंप आवडणारे मित्र माझ्याशी भांडतात. पैसे असतील तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. दोन ठिकाणांहून आल्यामुळे उभ्या लाटांची उंची आणि खळगे बरेच समतल होतात आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना सारखा खर्ज मिळतो.

शेजाऱ्यांचा विषय इथेच काढतो. खर्ज स्लॅबमधून जातो आणि वरच्या-खालच्या दोन्ही घरांत पोचतो. सबवूफरखाली रबराचे पाय लावले तर फरशीची थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा खर्ज तसाच जातो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा. तो मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. मामीचं रिमोटचं काम तो आपोआप करतो.

रिसीव्हर म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा डबा, ॲम्प्लिफायर आणि वाटाड्या एकातच. इथे वॅटचा बाजार सुरू होतो. नव्वदच्या दशकात ज्यांनी टेपरेकॉर्डर घेतले त्यांना '२००० वॅट पीएमपीओ' आठवत असेल. खोक्यावर दोन हजार, आणि आतला ट्रान्सफॉर्मर शंभर वॅटचाही नसायचा. पीएमपीओला कुठलंच ठरलेलं माप नव्हतं, कंपनी छापेल तो आकडा. आजही वॅट वाचताना शेजारची बारीक अक्षरं वाचा. त्यातलं ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल एकावेळी' असं लिहून ८० वॅट सांगणारा प्रामाणिक. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल' अशा सोप्या अटींवर मोजून १५० सांगणारा त्याच्याहून कमकुवत असू शकतो.

मुळात लागतात किती? स्पीकरच्या माहितीत संवेदनशीलता दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. अर्थ असा की एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल ऐकू येतील. आमचा सोफा पावणेतीन मीटरवर, तिथे पोचेपर्यंत साधारण नऊ डेसिबल कमी धरा. राहिले ७८. एका वॅटमध्ये! घरातलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं. शंभर वॅट दिले की त्यात वीस मिळवा, ९८. थिएटरात एका चॅनलचा सर्वांत मोठा धमाका १०५ ला पोचावा असं माप असतं, पण घरात ते कुणालाच सोसत नाही. म्हणजे या खोलीत वॅटची चिंता नाहीच. उलट दोन स्पीकरांत एक ८७ आणि दुसरा ९० चा असेल तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात, हे लक्षात ठेवा. आणि ४ ओहमचे स्पीकर असतील तर रिसीव्हर तेवढा करंट देतो का, ते आधी विचारा.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो कानाच्या जागी ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकर किती दूर आहे, किती जोरात वाजतो हे मोजून बरोबरी साधतं. आवाजाला एक फूट जायला साधारण एक हजारांश सेकंद लागतो; जवळच्या स्पीकरला ते तेवढं थांबवून ठेवतं. मोजणी करताना पंखा, एसी, कुकर सगळं बंद. नंतर दोन गोष्टी हाताने तपासा: सगळे स्पीकर 'स्मॉल' वर (म्हणजे खर्ज सबवूफरकडे सोपवणारे) आणि विभागणी ८० हर्ट्झवर आहे का. यंत्र पुष्कळदा आगाऊपणा करून 'लार्ज' ठरवतं. मामीसाठी आम्ही मधला दोन डेसिबलने वाढवून ठेवला. मालिका आणि बातम्या बहुधा दोनच चॅनलच्या असतात. तिथे 'डॉल्बी सराउंड' हा पर्याय लावला की रिसीव्हर दोघांतलं सामाईक, म्हणजे बोलणं, काढून मधल्याकडे देतो.

जोडणीत लोक फसतात ते टीव्हीपाशी. टीव्हीमधल्या ॲपवर सिनेमा बघत असाल तर आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे यायला हवा. ऑप्टिकल वायरने साधं ५.१ येतं, अ‍ॅटमॉस येत नाही. त्यासाठी एचडीएमआयची 'एआरसी' लिहिलेली खाच वापरा. ॲपवरचं अ‍ॅटमॉस दाबलेल्या स्वरूपात असतं, ते तिच्यातून येतं. 'ईएआरसी' असेल तर ब्लू-रेच्या दर्जाचा न दाबलेला आवाजही येतो.

स्पीकरची वायर दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची. आठ ओहमचे स्पीकर आणि बेडरूमएवढी अंतरं असतील तर पुरे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर वजनाला हलकी लागते, चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते; ती नको. सोन्याच्या टोकांच्या महागड्या वायरींबद्दल मी काही बोलत नाही, घरात शांतता हवी असते. लाल-काळा मात्र प्रत्येक स्पीकरला तपासा. एकाचं उलटं लागलं तर त्याचा पडदा बाहेरऐवजी आत जातो आणि दोघांचा आवाज एकमेकांना खातो. खर्ज अचानक पातळ झाला तर आधी हेच बघायचं.

आपल्या हवेची एक गोष्ट. स्पीकरच्या पडद्याभोवतीची लवचीक कडा फोमची असेल तर किनारपट्टीच्या दमटपणात काही वर्षांनी तिचा भुगा होतो. रबराची कडा टिकते. बोटाने हलकं दाबून कळतं.

दुकानात ऐकताना त्यांनी लावलेला स्फोटांचा तुकडा ऐकू नका. तो कुठल्याही स्पीकरवर बरा वाटतो. तुमच्या ओळखीचा सिनेमा न्या, ज्यात दोन माणसं हळू आवाजात बोलतायत आणि मागे पाऊस किंवा रस्ता आहे. शब्द कळतात का आणि पाऊस पाण्यासारखा वाटतो की तळणीसारखा, एवढं बघा. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा आहे ना ते पक्कं करा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्याला माहीत असतं.

शंभर रुपये असतील तर मी असे वाटतो: समोरच्या तिघांना चाळीस, सबवूफरला पंचवीस, रिसीव्हरला पंचवीस, सराउंडच्या जोडीला उरलेले दहा. वायर आणि गालिचा त्याबाहेर. एकदम जमत नसेल तर पहिल्या वर्षी सराउंड घेऊच नका, समोरचे तीन आणि सबवूफर लावा. पाचही स्पीकर स्वस्तातले घेतले तर पाचही बदलावे लागतात.

राहिलं अ‍ॅटमॉस. डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं तेव्हा मजा येते, नाकारत नाही. पण डोक्यावरच्या स्पीकरची जागा छतात, आणि आपल्या छताच्या मध्यावर पंखा. छताला आवाज आपटवून खाली आणणारे, वर तोंड केलेले स्पीकर मिळतात. त्यांना सपाट, टणक, मोकळं छत लागतं. पीओपीचं पायऱ्यापायऱ्यांचं छत, त्यात लपवलेले दिवे आणि फिरती पाती यांतून परत येणारा आवाज कुठे जाईल ते पंख्यालाच ठाऊक. छतात खरे स्पीकर बसवायचे तर फॉल्स सीलिंग करतानाच जागा ठरवावी लागते, बसण्याच्या जागेच्या किंचित पुढे दोन बाजूंना दोन. भावाने तेव्हा ते केलं नाही. रंगकाम चालू होतं तेव्हा भिंतीतून छतापर्यंत दोन पाइप टाकून घेतले, आत ओढायची तार सोडून ठेवली आणि तोंडं पांढऱ्या झाकणांनी बंद केली. पंखा अजून तिथेच फिरतोय, सिनेमा लावला की दोनवर.